काळ्या थराखालचा पत्रा

जुनी पद्मिनी बघायला गेलात की विकणारा हमखास गाडीखाली बॅटरी मारतो. "बघा, पूर्ण अंडरकोटिंग केलंय!" खाली सगळं काळंभोर, जाड, ताजं. मला असा ताजा थर दिसला की आधी शंका येते.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मूळची इटलीतल्या १९५३ च्या फियाट ११०० च्या घराण्यातली. तिला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालचे पोकळ सिल सडले की गाडीची ताकदच जाते, आणि हे नेमकं थराखाली लपतं.

डांबरी थर दिला की गंज थांबतो, हा सगळ्यात महागात पडणारा समज. डांबर काही वर्षांनी वाळतं, कडेला तडकतं, खडी उडून टवके जातात. पावसाचं पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकून बसतं. मुंबईत किंवा कोकणात त्यात खाऱ्या हवेची भर. वरून थर शाबूत दिसतो, पण स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आरपार जातो. म्हणून वेल्डिंग करायचं असेल तर ते आधी, आणि जुना थर खरवडूनच. तो पेटतो, हे वेगळं सांगायला नको.

रस्ट कन्व्हर्टर लावलं की घासायला नको, असंही सांगतात. त्यातलं फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल पातळ गंजाचं स्थिर संयुगात रूपांतर करतं. पापुद्रे सुटलेल्या जाड गंजात ते तळापर्यंत पोचतच नाही. तिथे वायर ब्रश नाहीतर सँडब्लास्टिंगच. जस्ताच्या प्रायमरचंही तसंच: जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, पण त्यासाठी ते स्वच्छ, उघड्या पत्र्याला थेट चिकटलेलं हवं.

आणि एकच डबा सगळीकडे चालत नाही. पत्रा साफ झाल्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीम सीलर. चाकांच्या कमानीत खडीचा मारा सोसणारा, लवचीक, कडक न होणारा थर. सिलच्या पोकळीत मात्र मेणाचा स्प्रे: तो मऊ राहतो, फटींत झिरपतो. तो कायमचा नसतो, दर पावसाळ्याआधी एकदा बघावा लागतो. सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. ती बुजली तर सिलची टाकी होते.

या सगळ्याऐवजी जळकं इंजिन ऑइल फवारणं स्वस्त खरं, पण रबरी बुश त्याने फुगतात.

सायलेन्सर, ब्रेकचे होज आणि ग्रीस निपल कागद-टेपने झाकूनच स्प्रे मारायला सांगा. प्रोपेलर शाफ्टही झाका. त्याच्या एका बाजूला जाड थर बसला की तोल बिघडतो, गाडी वेगात थरथरायला लागते, आणि मग मेकॅनिक आठवडाभर शाफ्टच्या सांध्याचे क्रॉस बदलत बसतो.