भूशास्त्राची पदवी

बारावीचा निकाल लागला कीं घरोघर पदव्यांची चर्चा सुरू होते. भूशास्त्राचें नांव निघालेंच, तर तें 'दुसरें कांहीं मिळालें नाहीं काय?' अशा सुरांत निघतें. ज्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग एकाच जातीच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे, तेथें या शास्त्राविषयीं इतकी उदासीनता असावी, हें श्रोतेहो, मला चमत्कारिक वाटतें.

हा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारस थरावर थर पसरत गेला व थिजला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्याच थरांच्या होत. आतां विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न पहा. घट्ट बेसाल्टांत पाणी ठरत नाहीं. तें सांपडतें भेगांत, झिजलेल्या मुरुमांत व दोन थरांच्या सांध्यांत. म्हणून एका बांधाला पाणी लागतें, आणि पन्नास पावलांवर शेजाऱ्याचा पैसा खडकांत जातो. हा भेद ओळखणें ही विद्या आहे. (तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखविणारे गृहस्थ अद्यापि आहेत, त्यांचा धंदा आपल्या अनास्थेवर चालतो.)

दक्षिणेची भूमि स्थिर आहे, असाहि एक समज होता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेच्या भूकंपानें तो मोडला. जलाशयाशीं त्या भूकंपाचा संबंध काय, याचा पुढें जगभर अभ्यास झाला.

पदवीस खनिजें, खडक, जीवाश्म व भूरचना शिकवितात. खडकाचा काप ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घांसतात, तेव्हां काळ्या बेसाल्टांतूनहि प्रकाश पार जातो व आंतील स्फटिक सूक्ष्मदर्शकाखालीं उजळतात. पण खरी शाळा डोंगरावर. हातोडी, होकायंत्र व भिंग घेऊन उन्हांत हिंडावें, नकाशा स्वतः काढावा. मुलींना अशा शिबिरास धाडण्यास कांहीं घरें अजून कचरतात. पदवी हवी व पायपीट नको, हें मात्र जमणारें नाहीं.

उपजीविकेचें म्हणाल, तर १८५१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांतील भूवैज्ञानिकाच्या जागांसाठीं संघ लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. तीस पदव्युत्तर शिक्षण लागतें. तीन वर्षांत संसाराला लागूं, असा हिशेब करणाऱ्यानें हें आधींच ध्यानांत घ्यावें. आणि प्रवेश घेतांना महाविद्यालयाची इमारत पाहूं नये. वर्षांतून किती दिवस मुलांना डोंगरावर नेतां, एवढेंच विचारावें.