राजाईची फिर्याद

औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. शिवालयात तो देवासमोर हवा. इथं तो मागं का, हे औंढ्यातलं शेंबडं पोरही सांगेल: नामदेव महाद्वारात कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी शिंप्याच्या पोराला देवळामागं हाकललं आणि देवानं देऊळच त्यांच्याकडं फिरवलं. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांतही देऊळ फिरल्याचा हा प्रसंग आहे.

चमत्कार सगळ्यांना पाठ असतो, त्यातला धंदा मात्र निसटतो. नामदेवांना कच्चं ठरवलं ते कुणा शास्त्र्यानं नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी मडकी पारखायच्या थापटण्यानं संतांची डोकी ठोकली आणि हे मडकं कच्चं, असा निकाल दिला. गुरू शोधत नामदेव औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले. पाय काढा म्हटल्यावर विसोबांनी उलट सांगितलं, जिथं देव नाही तिथं उचलून ठेव. पाय ठेवायला तशी जागा काही सापडली नाही. देव नाही अशी जागाच नाही हे एकदा पटलं, की देवाची जागा वेगळी आणि दुकानाची वेगळी, ही वाटणी टिकत नाही. कबिरांच्या एका रचनेत मित्र त्रिलोचन नामदेवांना टोकतो, की कापड छापत काय बसलास, नाम का घेत नाहीस? नामदेव सांगतात, हातपाय कामात असू दे, चित्त देवापाशी आहे.

उत्तर चोख आहे. पण घरच्यांना ते पटलं होतं का?

नामदेवांच्या गाथेत आई गोणाई आणि बायको राजाई यांच्या नावावरचे अभंग आहेत. गोणाई थेट विठ्ठलाशी भांडते, माझं पोर मला परत दे म्हणते. राजाईची फिर्याद रुक्मिणीकडं आहे, म्हणजे बाईचं गाऱ्हाणं बाईपाशी. घरात खायला नाही, अंगावर धड वस्त्र नाही. नवरा तुमच्या नवऱ्याच्या नादी लागलाय, त्यांना काही सांगा. हे सगळे अभंग गोणाई-राजाईनंच रचले का, यावर अभ्यासक वाद घालोत. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की संप्रदायानं हे गाऱ्हाणं पुसून टाकलं नाही, नवऱ्याच्या अभंगांशेजारी त्याच पोथीत ठेवलं. घरात राबणारी जनाबाईही याच परिवारातली, आणि जात्याची घरघर तिच्यामुळंच भक्तीत आली.

परंपरा सांगते की १३५० साली पंढरपूरच्या महाद्वारी पायरीपाशी नामदेवांसह सगळ्या कुटुंबानं समाधी घेतली. बाळंतपणाला गेलेली सून लाडाई तेवढी मागं राहिली. तिच्याही नावावर अभंग आहे.

आता आजचा कीर्तनाचा सप्ताह आठवा. संसार, व्यसन, हुंडा, शेतीचा तोटा, निवडणूक हे सगळं कीर्तनात येतं आणि यावंही. मराठवाड्यात अख्खं गाव एका जागी बसून चालू घडामोडींवर काही ऐकतं ते बरेचदा मांडवातच. पण बायको आणि सून तिथं बहुतेक वेळा विनोदापुरती उरते. मोबाईलवाली सून, टीव्हीपुढची बायको, पळून गेलेली पोरगी. मांडव हसतो, बायकाही हसतात. गाथेत जिचं म्हणणं ऐकून घेतलं, तिची इथं नक्कल होते. हे मला वारकरी वळणाचं वाटत नाही.

औंढ्याच्या घरांपुढं आज प्रश्नही नवे आहेत. जवळच्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे: चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २६०० कोटींचा खर्च, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी. नागनाथाचं ज्योतिर्लिंग आहे म्हणून विज्ञान इथं आलं, असं मांडवात ठोकून देणं सोपं आहे, टाळ्याही पडतील. जागा निवडली ती शांत जमीन आणि कमी वर्दळ पाहून. घरात बोलणं चालतं ते वेगळंच: पोराला तिथं काम मिळेल का, मुलीला विज्ञानाला घालावं का, की सोयाबीन निघालं की तिचं लग्न उरकावं. यावर बापाचं मत मांडवात मांडायला पुष्कळ जण आहेत, आईचं कोण मांडणार? सात दिवसांच्या सप्ताहात एका रात्रीच्या कीर्तनसेवेला राजाईचा अभंग घ्यायला काय हरकत आहे? निरूपणाला एखादी महिला कीर्तनकार बोलवावी. अशा कीर्तनकार आता मराठवाड्यात पुष्कळ आहेत. बिदागी मात्र बुवांइतकीच द्यावी.