सकाळची पहिली किल्ली आणि अडखळणारे इंजिन

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूर तालुक्यातील नोकरदारांचे रोजचे स्थानक असून, आसपासच्या गावांतून येणारी बरीच मंडळी आपले वाहन स्थानकाजवळ उभे करून लोकलने कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठतात. अशा वापरात मोटार रात्रभर घरी आणि दिवसभर स्थानकाबाहेर उभी राहते, तिला दिवसातून दोनदा थंड अवस्थेतून सुरू व्हावे लागते आणि मधल्या काही किलोमीटरांत इंजिन पुरते तापतही नाही. सकाळी पहिल्या किल्लीला इंजिन उशिरा पेटणे, पेटल्यावर थरथरणे आणि एक-दोन मिनिटे ‘मिसिंग’ करून मग सुरळीत चालणे, ही तक्रार अशा गाड्यांत विशेष आढळते. हा दोष केवळ थंड इंजिनात प्रकटतो, त्यामुळे गॅरेजपर्यंत चालवत नेलेली गाडी तेथे निर्दोष भासते आणि मग अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. म्हणून खरे निदान पहिली किल्ली फिरवण्यापूर्वीच सुरू व्हावे लागते.

पेट्रोल द्रवरूपात नव्हे, तर वाफेच्या रूपात हवेत मिसळून जळते आणि शुद्ध पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलचा काही अंश वाफ न होता धातूच्या भिंतींना चिकटतो, त्यामुळे सुरुवातीला जादा पेट्रोल द्यावे लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हे काम हवा अडवणारा चोक करीत असे. आता इंजिनातील कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर संगणकाला माहिती देतो आणि संगणक त्यानुसार इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो. सेन्सरने थंड इंजिन गरम असल्याचे चुकीने कळवले, तर मिश्रण पातळ राहून इंजिन अडखळते. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलपेक्षा अधिक उष्णता लागत असल्याने २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनावर ही अडचण थोडी वाढू शकते. तथापि शहापूर परिसरातील थंडी निरोगी इंजिनाला अडवण्याइतकी कडक नसते. ती फक्त आधीपासून असलेला दुबळेपणा उघड करते.

पहिली तपासणी बॅटरीची करावी, कारण थंडीत तिची शक्ती घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवणे जड जाते. रात्रभर विसावलेल्या पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, १२.२ व्होल्टला ती जवळपास अर्धी रिकामी झालेली असते आणि ‘सेल्फ’ मारताना दाब साडेनऊ व्होल्टच्या बराच खाली गेला तर बॅटरी किंवा तिची जोडणी संशयास्पद ठरते. स्थानकापर्यंतच्या छोट्या फेरीत सेल्फने घेतलेली वीज नेहमीच पूर्ण भरून निघत नाही, म्हणून अशी गाडी अधूनमधून लांबवर चालवणे हितावह असते.

दुसरा प्रश्न इंधनाच्या दाबाचा असतो. सेल्फ न मारता किल्ली ‘ऑन’वर दोन-तीन सेकंद ठेवावी, बंद करावी, हीच कृती पुन्हा करावी आणि मग गाडी सुरू करावी, एवढ्याने ती चटकन सुरू झाली, तर पंपातील झडप किंवा एखादा इंजेक्टर गळून नळीतील दाब उतरत असण्याची शक्यता बळावते. याउलट पेट्रोलचा वास येत असेल आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावरच इंजिन पेटत असेल, तर ठिबकणाऱ्या इंजेक्टरमुळे सिलिंडरमध्ये पेट्रोल अतिरिक्त झालेले असते, कारण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास बहुतेक गाड्यांचा संगणक पेट्रोल थांबवतो.

तिसरा भाग ठिणगीचा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत भेगाळलेल्या कॉइलमधून किंवा वायरीतून वीज बाहेर निसटते आणि गावाकडे उंदरांनी कुरतडलेल्या वायरींची त्यात भर पडते. सीएनजी पेटवण्यास अधिक व्होल्टेजची ठिणगी लागत असल्याने त्या गाड्यांचे प्लग लवकर झिजतात. स्कॅनर जोडल्यावर पी ०३०१ हा संकेत दिसला, तर पहिला सिलिंडर मिस होत आहे असे समजावे. त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवल्यावर संकेत पी ०३०२ असा बदलला, तर दोष कॉइलचाच असल्याचे ठरते. पी ०१७१ हा संकेत मात्र पातळ मिश्रण दाखवतो आणि तेथे कडक झालेल्या रबरी नळ्यांतून आत शिरणारी हवा शोधावी लागते.

धूरही बरेच सांगतो. सुरुवातीची विरळ पांढरी वाफ स्वाभाविक असते. ती दाट होऊन टिकली आणि कूलंटही घटत असेल, तर हेड गॅस्केटमधून ते सिलिंडरमध्ये झिरपत असावे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, तर काळा धूर जादा इंधनाचे लक्षण मानला जातो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसल्याने तेथे ज्वलनकक्ष तापवणारे ग्लो प्लग आणि इंधनाच्या नळीत शिरणारी हवा आधी पाहावी.

स्थानकावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकाला आणखी एक सोपी तुलना करता येते. उन्हात राहिलेली गाडी संध्याकाळीही सकाळसारखीच अडखळली, तर संशय इंधनाच्या दाबाच्या गळतीकडे किंवा बॅटरीकडे जातो. त्रास फक्त सकाळीच होत असेल, तर तापमानाचा सेन्सर आणि दमट कॉइल यांची तपासणी आधी करावी. किती वेळ सेल्फ मारावा लागला, धूर कोणत्या रंगाचा होता आणि रात्री पाऊस होता काय, याची आठवडाभराची नोंद गाडीसोबत द्यावी आणि गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये ठेवून पहिली किल्ली मेकॅनिकलाच फिरवू द्यावी, म्हणजे भाग बदलण्यापूर्वी दोष त्याला प्रत्यक्ष पाहता येईल.