जुनी शिडाची बोट : किंमत थोडी, खर्च मोठा

धर्माबादच्या मिरची बाजारात पोत्याच्या तोंडची मिरची पाहून भाव ठरत नाही. जाणता खरेदीदार हात आत खोलवर घालतो, तळची मिरची वर काढतो, देठ मोडून पाहतो आणि मगच बोलू लागतो. समुद्र येथून फार दूर; बाभळी बंधाऱ्यावरून जाणारे गोदावरीचे पाणी तेवढे बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचते. तरीही वापरलेली शिडाची बोट घेऊन खोल समुद्रात जाऊ पाहणाऱ्यास हेच शहाणपण लागते. मिरचीत फसगत झाली तर पैसे जातात. बोटीत झाली, तर किनाऱ्यापासून हजार मैलांवर डोलकाठी कोसळते.

शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पहिला भारतीय मान मिळाला तो वापरलेल्या बोटीलाच. लष्कराच्या इंजिनिअर्स दलाने इंग्लंडमध्ये ‘स्वान ३७’ जातीची, म्हणजे सदतीस फुटी बोट घेतली आणि तिचे नाव ‘तृष्णा’ ठेवले. २८ सप्टेंबर १९८५ रोजी ती इंग्लंडच्या गॉस्पोर्ट बंदरातून निघाली आणि १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईस पोहोचली. नव्या बोटीची मागणी करून वर्षानुवर्षे फायली हलवत बसण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा ठरला, असे आज म्हणता येते.

जुन्या बोटींना एवढी मागणी का, याचे उत्तर त्यांच्या बांधणीत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत फायबरग्लास हे नवे साहित्य होते. ते कितपत टिकेल याची खात्री नसल्याने कारागिरांनी काचतंतूंचे थर सढळ हाताने चढवले. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची अनेक सांगाडी आजही भक्कम आहेत. त्यांतील कित्येकींचा कणा (किनाऱ्यावरचे कोळी ज्याला पठाण म्हणतात तो) लांब आणि जड असे व सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला जोडलेले असे. अशी बोट वेगात मागे पडते, पण सरळ चालते आणि लाटांवर कमी आदळते. २०१८ पासून पुन्हा भरू लागलेल्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने करावयाच्या पृथ्वीप्रदक्षिणा स्पर्धेत तर ३२ ते ३६ फूट लांबीच्या, १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या आणि लांब कण्याच्या बोटींनाच प्रवेश असतो. २०१८ च्या स्पर्धेतील पहिल्या तिन्ही बोटी ‘रस्लर ३६’ या एकाच ब्रिटिश जातीच्या होत्या. अर्थात लांब कणा हा एकच मार्ग नव्हे. ‘तृष्णा’चा कणा तसा नव्हता.

त्याच २०१८ च्या स्पर्धेत नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली कोरी करकरीत ‘थुरिया’ घेऊन उतरले होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. पुढच्या स्पर्धेत त्यांनी वापरलेली ‘रस्लर ३६’ घेतली, ‘बयानात’ नावाने ती समुद्रात उतरवली आणि एप्रिल २०२३ मध्ये, २३६ दिवसांनी, दुसरा क्रमांक पटकावला. वादळ नवी-जुनी असा भेद करीत नाही, त्यामुळे एवढ्यावरून जुनी बोट श्रेष्ठ ठरत नाही. मात्र ‘जुनी म्हणजे धोक्याची’ हा समज त्यातून निश्चितच खोटा ठरतो. त्या सफरीत आपोआप सुकाणू धरणाऱ्या वाऱ्यावरच्या यंत्राची पाती तुटली, तेव्हा टॉमींनी शौचालयाचे दार कापून नवी पाती केली. खोल समुद्रात दुकान नसते.

पाहणी कशी करावी? माळेगावच्या यात्रेत बैलाचे दात पाहतात, तशी येथे पहिली तपासणी हातोडीची. पाण्याबाहेर काढलेल्या बोटीवर लहान हातोडीने ठोकत जायचे. टणक आवाज आला तर ठीक. दबका, पोकळ आवाज आला तर आतले थर सुटले आहेत किंवा पाणी शिरले आहे. वरची फरशी, म्हणजे डेक, बहुधा फायबरग्लासच्या दोन थरांत हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा घालून केलेली असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेले की हा गाभा वर्षानुवर्षे गुपचूप कुजतो. डेकवर सागवानाच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी बसवल्या असतील, तर तेवढीच शेकडो भोके. सागवान पाहून हुरळून जाण्याचे काहीच कारण नाही.

सर्वांत फसवा भाग असतो डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचा. या तारा पोलादी पट्ट्यांमार्फत सांगाड्याला जखडलेल्या असतात. पट्ट्यांचा दिसणारा भाग चकचकीत असतो; डेकमधून आरपार जाणारा, प्राणवायू न मिळणारा भाग मात्र आतून पोखरला जातो, कारण न गंजणारे म्हणवणारे पोलादही ओलसर बंद जागी गंजते. म्हणून पट्टी उपसून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. तारांचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षे धरतात आणि विमा कंपन्याही त्यांचे वय विचारतात. तळाशी पाणी आत-बाहेर करणारे नळ कांस्याचे आहेत की पितळेचे, हेही पाहावे. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त निघून जाते आणि उरलेला गुलाबी, ठिसूळ नळ एके दिवशी हातात येतो. इंजिन मालकाने आधीच तापवून ठेवले असेल, तर परत जाऊन दुसऱ्या दिवशी गार असताना सुरू करण्यास सांगावे.

लाकडी बोटीचे गणित वेगळे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी बोट साठच्या दशकात मुंबईत सागवानात बांधली गेली. स्पर्धेसाठी नवी पोलादी बोट बांधण्याइतके पैसे जमेनात, म्हणून ते हीच घेऊन १९६८ मध्ये निघाले आणि ३१२ दिवसांत न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले ठरले. वाटेत कण्याजवळच्या फटींतून पाणी येऊ लागले, तेव्हा भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली बुडी मारून त्यांनी त्या कापसाने बुजवल्या. पुढे ही बोट ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली, तर तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. अखेर २००२ मध्ये तिला बाहेर काढावे लागले.

पैशांचा हिशेब विक्रीच्या आकड्यापाशी संपत नाही. सौदा नेहमी ‘तपासणीच्या अधीन’ असा लिहून करावा, विसार त्याच अटीवर द्यावा आणि तपासणीस विक्रेत्याने सुचवलेला नसावा. तारा, शिडे, नळ व बॅटऱ्या बदलण्यासाठी किमतीच्या एक तृतीयांश ते निम्मी रक्कम बाजूला ठेवण्याचा सल्ला जाणते देतात. शिवाय दरवर्षीच्या देखभालीस किमतीच्या दहा टक्क्यांचा अंदाज धरतात. परदेशातून बोट भारतात आणायची तर सीमाशुल्क येते, आणि मौजेच्या व क्रीडेच्या यॉटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला आहे. मालकीची कागदपत्रे सलग आहेत का, बोटीवर कर्ज नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

शेवटी बोट ठेवायची कोठे, हा प्रश्न बहुतेकांना खरेदीनंतर सुचतो. मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या बोटी पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर ओढून घ्याव्या लागतात. जून ते सप्टेंबर त्या ताडपत्रीखाली असतात आणि त्या चार महिन्यांचे भाडेही मालकालाच भरावे लागते.