तापीच्या काठी तापीबाई किती?

बुऱ्हाणपूर हे शहर बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताच्या नावाचे. पलीकडच्या काठावरचे जैनाबाद त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी यांच्या नावाचे. दोघांच्याही कबरी दूर दक्षिणेत खुलताबादला. फारुकी घराण्याच्या नसीरखानाने 1400 च्या आसपास ही दोन्ही नावे दिली आणि गुरु-शिष्यांना नदीच्या दोन काठांवर समोरासमोर बसवले. म्हणजे अलीकडचा काठ पुरुषाचा, पलीकडचाही पुरुषाचा. मधून वाहणारी तेवढी बाई.

या बाईचे नाव शहराने पुरेपूर वापरले. कापडगिरणी निघाली ती ताप्ती मिल. सुरतेहून छपऱ्याला जाणारी गाडी ताप्तीगंगा. आषाढ शुद्ध सप्तमीला ताप्ती जयंती येते. मुलताई, बुऱ्हाणपूर, सुरत अशा 724 किलोमीटरच्या प्रवाहावर त्या दिवशी नदीची ओटी भरली जाते. पण घरात मुलगी जन्मली की हे नाव सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. जळगाव, रावेर, बुऱ्हाणपूर या पट्ट्यात जुन्या पिढीत तापीबाई होत्या, नाही असे नाही. गंगूबाई, यमुनाबाई, गोदावरीबाई मात्र पैशाला पासरी आणि तापीबाई शोधावी लागे. आज तर तीही उरलेली नाही.

नाव जुने नाही म्हणावे, तर तसेही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. आपण कुठल्या नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली याची यादी त्याने दगडावर कोरून ठेवली: इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही यादी. यातली काही नावे आज ओळखूही येत नाहीत, पण ‘तापी’ मात्र मराठी माणूस आज उच्चारतो तशीच्या तशी तिथे आहे. भागवत पुराणातल्या नद्यांच्या यादीतही ती तापीच. हिंदी मुलखात ‘ताप्ती’ रूढ झाले, महाभारतात ‘तपती’ आहे आणि बंगाल्यांनी तेच घेतले. नदी एक, नावे तीन आणि तिन्ही नावांचे नशीब वेगवेगळे.

महाभारतातली तपती मोठी मानाची. आदिपर्वात पांडव रात्री गंगाकाठाने पांचाल देशाकडे निघालेले असतात. अंगारपर्ण नावाचा गंधर्व वाट अडवतो, अर्जुन त्याला हरवतो, मग दोघांची मैत्री होते. बोलता बोलता गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो. अर्जुन बुचकळ्यात पडतो. आम्ही कुंतीचे पुत्र, हे तापत्य कुठून आले? त्यावर गंधर्व त्याला त्याच्याच कुळाची विसरलेली आजी सांगतो. सूर्याची मुलगी, सावित्रीची धाकटी बहीण तपती. राजा संवरण शिकारीला गेला असता भुकेतहानेने त्याचा घोडा मेला. डोंगरात पायी भटकताना ही त्याच्या दृष्टीस पडली आणि राजा वेडावला, पार मूर्च्छित होऊन पडला. ती म्हणाली, मी स्वतंत्र नाही, माझ्या वडिलांना विचार. मग वसिष्ठ स्वतः सूर्याकडे गेले आणि मागणी घालून मुलीला घेऊन आले. लग्नानंतर राजा बारा वर्षे डोंगरातच रमला. इकडे राज्यात बारा वर्षे पाऊस नाही. शेवटी वसिष्ठांनीच जोडप्याला राजधानीत आणले तेव्हा पाऊस पडला. या दोघांचा मुलगा कुरु. म्हणजे कुरुक्षेत्र ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्याची आई ही. पुराणे पुढे नात्यांचा गोतावळा वाढवतात. तापी ही सूर्य आणि छायेची मुलगी, शनीची सख्खी बहीण, यमुनेची सावत्र.

एवढे कुळ असूनही मुलीला नाव मिळू नये?

धर्मशास्त्राचा विरोध होता असे कोणी म्हणेल, आणि तो होताच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी कोणती मुलगी टाळावी याची यादी आहे. तीत नक्षत्राचे, झाडाचे आणि नदीचे नाव असलेली मुलगी येते. पण मनूचे हे म्हणणे महाराष्ट्राने खुंटीला टांगले. रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, चंद्रभागा ही सगळी नावे घरोघर होती आणि त्यांची लग्नेही धडाक्यात झाली. बाबा पदमनजींनी 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले, तेव्हा नायिकेसाठी त्यांना नदीचेच नाव साधे आणि घरगुती वाटले. तेव्हा तापी मागे पडली त्याचे खापर मनूवर फोडता येत नाही.

खरे कारण बहुधा पंढरपूरच्या वाटेवर आहे. मराठी घरात नदीचे नाव ठेवायचे ते दारातल्या पाण्यावरून नव्हे, यात्रेवरून. गंगा आणि काशी आयुष्यात एकदा घडावी म्हणून, चंद्रभागा दरवर्षी घडते म्हणून, गोदावरी नाशिक-पैठणमुळे. याचा बोलका पुरावा तापीच्याच खोऱ्यात आहे. बहिणाबाई चौधरी 1880 मध्ये जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या. त्यांच्या आईचे नाव भीमाई, बहिणी अहिल्या, सीता आणि तुळसा, मुलगी काशी. खानदेशातल्या एका शेतकरी घराची ही नावे. त्यांत पंढरपूरची भीमा ऐकू येते, काशीही आहे. जिच्या खोऱ्यात हे शेत पिकले त्या तापीचे नाव तेवढे नाही.

शिवाय तापीकाठाला स्वतःची एक बाई होती आणि तिच्यापुढे नदीचे फारसे चालले नाही. मुक्ताबाई 1297 मध्ये मेहूणजवळ तापीकाठी अंतर्धान पावल्या असे वारकरी परंपरा सांगते. जवळच चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले आणि आषाढीला इथून पालखी निघते. बुऱ्हाणपूरकडचे वारकरीही या क्षेत्राला आपलेच मानतात. ज्या काठावर मुक्ता आहे, तिथे नातीचे नाव मुक्ता ठेवावेसे वाटणार, तापी नव्हे.

दुसरी एक गोष्ट विसरून चालणार नाही. मुलीचे नाव पाळण्यात ठेवले तरी ते तिच्याकडे राहील याची खात्री नव्हती. लग्नात ताटातल्या तांदळांत सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले की जुने संपले. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमाबाई झाली. जोश्यांची यमुना गोपाळरावांची आनंदी झाली आणि त्याच नावाने डॉक्टर म्हणून इतिहासात गेली. महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाईही पुढे आनंदीबाईच झाल्या. नद्यांची नावे माहेरी राहिली. ज्या नावांचा साठा मोठा होता ती यातूनही टिकली. मुळात मूठभर असलेल्या तापी किती उरणार? त्यातून गोदावरीची गोदू होते, यमुनेची यमू होते, तशी लाडाने मोडायलाही तापी सोयीची नाही. आणि ‘डोक्याला ताप’ म्हणणाऱ्या भाषेत शाळेतल्या पोरांनी या नावाचे काय केले असते ते सांगायला नको.

खोऱ्याबाहेर मात्र हे नाव ऐटीत फिरले, कारण तिथे ते नदीच्या नव्हे, नायिकेच्या रूपाने गेले. केरळच्या कुलशेखर राजाने संवरण-तपतीच्या प्रेमकथेवर ‘तपतीसंवरण’ हे संस्कृत नाटक लिहिले आणि कूडियाट्टमच्या रंगभूमीने ते जपले. बंगालमध्ये रवींद्रनाथांनी ‘राजा ओ रानी’ हे आपले तरुणपणीचे नाटक नव्याने लिहून 1929 मध्ये त्याला ‘तपती’ नाव दिले. बंगाली मध्यमवर्गात तपती हे मुलीचे नाव चांगलेच रुळले. कलेतिहासकार तपती गुहा-ठाकुरता यांचे नाव देशभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. नदी ज्यांच्या प्रांतातून एक मैलही वाहत नाही, त्यांनी हे नाव आपलेसे केले. काठावरच्यांना ते रोजच्या पाण्याचे वाटत राहिले.

नावांच्या बाबतीत बुऱ्हाणपूरचे नशीबच थोडे विचित्र म्हणायचे. याच तापीकाठच्या किल्ल्यात 17 जून 1631 रोजी शाहजहानची बेगम चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी पलीकडे जैनाबादच्या बागेत पुरले, मग डिसेंबरमध्ये आग्र्याला नेले. तिचे खरे नाव अर्जुमंद बानू. ‘मुमताज महल’ हा किताब होता. किताब मुलींचे नाव होऊन गल्लोगल्ली पोचला, सिनेमाच्या पडद्यावरही गेला. पाळण्यातले अर्जुमंद दुर्मीळच राहिले. त्या बाळंतपणात जन्मलेली मुलगी गौहरआरा. जन्माने ती बुऱ्हाणपूरची, पण तिच्या नावाने आज या गावात किती मुली हाक मारल्या जात असतील? जहानआरा आणि रोशनआरा या तिच्या बहिणींची नावे पुढे चालली, धाकटीचे बाजूलाच राहिले. नाव मोठ्या घरातले असले म्हणून ते चालतेच असे नाही.

आता तर दोन अक्षरी नावांचा जमाना आहे. नर्मदाबाई आजीबरोबर गेल्या, पण त्याच नदीचे ‘रेवा’ हे नाव शहरी पाळण्यांत दिमाखात परतले आहे. सातपुड्याच्या उत्तरेची नदी फॅशनमध्ये येते आणि दक्षिणेची येत नाही. तापीही दोनच अक्षरांची, उच्चारायला सोपी, वंशाने सूर्याची. गुजरात सरकारने 2007 मध्ये व्याऱ्याला मुख्यालय देऊन एका जिल्ह्याचे नावच तापी ठेवले. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान आणि पाकिस्तानमार्गे भारतात वायू आणायच्या योजनेलाही देशांच्या आद्याक्षरांतून योगायोगाने हेच नाव पडले. जिल्ह्याला चालते, गिरणीला चालते, आगगाडीला चालते, वायूच्या नळालाही चालते. मुलीला न चालण्याचे सबळ कारण दिसत नाही. ‘ताप’ची चेष्टा होईल ही भीती असेल, तर महाभारतातले ‘तपती’ हे रूप तयार आहे, आणि त्यावर बंगालची मक्तेदारी नाही.

जुन्या तापीबाईंची नोंद मात्र आताच करायला हवी. मराठी कुलवृत्तांतांत सुनेच्या सासरच्या नावापुढे माहेरचे नाव देण्याची पद्धत आहे. खानदेश-बुऱ्हाणपूरकडच्या कितीतरी घराण्यांचे असे वृत्तांत छापलेच गेलेले नाहीत. ज्यांच्या घरात अजून नव्वदीची आजी किंवा आत्या आहे, त्यांनी तिला एकदा विचारावे, तुझ्या आईचे पाळण्यातले नाव काय होते? उत्तर तापी आले, तर ते गावासकट आणि सालासकट लिहून ठेवावे.