चिरगोठित भूमी आणि तिचे वितळणे

इ. स. १८२८ मध्ये पूर्व सैबेरियातील याकुत्स्क ह्या नगरीत रशियन-अमेरिकन कंपनीचा फ्योदोर शेर्गिन नावाचा एक व्यवहारी गृहस्थ पाण्यासाठी विहीर खणू लागला. १८३७ पर्यंत ती सुमारे ११६ मीटर खोल गेली, तरी पाणी लागले नाही. तळाची मातीही गोठलेलीच निघाली. विहीर म्हणून हा उद्योग फसला खरा, परंतु १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ ह्या निसर्गशास्त्रज्ञाने तिच्या भिंतींत निरनिराळ्या खोलींवर तापमापके बसवून नोंदी घेतल्या. सैबेरियाची जमीन खोलवर गोठलेली असते हे युरोपातील काही विद्वानांस तोवर अविश्वसनीय वाटत असे. ह्या नोंदींनी ती शंका फेडली.

जी माती वा खडक लागोपाठ निदान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, तिला ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘चिरगोठित भूमी’ हा शब्द योजिला आहे. तिला हिमभूमी म्हणणे युक्त नव्हे, कारण व्याख्येत बर्फाचा उल्लेखच नाही; निव्वळ कोरडा खडकही ह्या व्याख्येत बसतो. सुमगिन ह्या रशियन संशोधकाने १९२७ च्या आपल्या ग्रंथात जो शब्द रूढ केला, त्याचा अर्थ ‘शाश्वत गोठण’ असा होतो. हे विशेषण आज अडचणीत आले आहे, आणि आमचे ‘चिर’ही त्यातून सुटत नाही.

ह्या भूमीच्या माथ्यावर दर उन्हाळ्यात वितळणारा व हिवाळ्यात पुन्हा गोठणारा एक थर असतो. त्याला सक्रिय थर म्हणतात. शेवाळ, पालापाचोळा आणि लार्च वृक्षांची सावली खालच्या थंडाव्याचे रक्षण करतात. याकुतियाच्या सखल प्रदेशात वाऱ्याने व पाण्याने साचलेल्या गाळात बर्फाच्या प्रचंड पाचरी आहेत. कित्येक ठिकाणी जमिनीच्या निम्म्याहून अधिक घनफळ बर्फाचेच असते. अशी जमीन वितळली म्हणजे केवळ ओली होत नाही, खचते. खळग्यात पाणी साठते. पाणी उन्हाची उष्णता शोषते. आणि तळे पुरेसे खोल असल्यास ते हिवाळ्यातही तळापर्यंत गोठत नाही. मग त्याखालची भूमी बारमाही वितळत राहते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या उबदार काळात असेच खळगे पडले, त्यांतील तळी कालांतराने आटली व तेथे कुरणे झाली. साखा लोक त्यांना ‘आलास’ म्हणतात. त्यांच्या घोड्यांची व गुरांची वैरण पिढ्यान्‌पिढ्या ह्याच कुरणांतून आली. म्हणजे वितळणे ही स्वभावतः आपत्ती नव्हे. प्रश्न वेगाचा आहे.

तो वेग पाहावयाचा तर उत्तर याकुतियातील बातागाय येथील दरड पाहावी. १९६० च्या दशकात तेथील एका उतारावरचे जंगल तोडले गेले, आच्छादन गेले आणि घळ पडली. आज ती सुमारे एक किलोमीटर लांबीची झाली असून तिचा कडा मागे सरकतच आहे. दरवर्षी सुमारे १० लाख घनमीटर भूमी तेथे नाहीशी होते, आणि तीत बर्फाचा भाग मातीहून अधिक आहे. आरंभ कुऱ्हाडीने झाला, हवामानाने नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पुढील वाढीस मात्र तापते उन्हाळे हातभार लावीत आहेत.

इमारतींच्या बाबतीतही असाच विवेक हवा. याकुत्स्कमधील घरे खांबांवर उभारतात व खालून थंड हवा खेळू देतात, म्हणजे घराची ऊब जमिनीस पोहोचत नाही. मे २०२० मध्ये नोरील्स्क येथे एक टाकी फुटून सुमारे २१,००० टन डिझेल सांडले, तेव्हा वितळत्या भूमीकडे बोट दाखविण्यात आले. चौकशीत बांधणीतील व देखरेखीतील दोषही आढळले. प्रत्येक खचलेल्या पायाचे खापर हवामानावर फोडणे हे शास्त्र नव्हे.

आता कार्बनाकडे वळू. उत्तरेकडील ह्या प्रदेशाच्या मातीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन असावा, म्हणजे वातावरणातील कार्बनाच्या जवळजवळ दुप्पट. माती वितळताच सूक्ष्मजीव कामाला लागतात: हवा मिळाली तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याखाली कोंडमारा झाला तर मिथेनही. ह्यावरून ‘कार्बनचा बॉम्ब’ ही उपमा निघाली. ती आम्हांस मान्य नाही. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार पृथ्वीचे तापमान एक अंशाने वाढले तर २१०० पर्यंत ह्या भूमीतून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने ३ ते ४१ अब्ज टन, मध्यमानाने १८ अब्ज टन, कार्बन बाहेर पडेल. मानव आज दोन वर्षांत साधारण तेवढाच सोडतो. हा स्फोट नव्हे, गळती आहे. पण ती एकदा लागली की शतकानुशतके भरून निघत नाही, आणि मनुष्याच्या वाट्यास उरलेल्या उत्सर्जनाच्या हिशेबातून ती वजा करावीच लागते.

३ आणि ४१ ह्यांतील अंतर मोठे आहे. शिवाय बहुतेक प्रतिमाने भूमी वरून खाली सावकाश वितळते असे धरून चालतात. बातागायसारखी दरड किंवा तळ्याखालचे वितळणे त्यांत बसत नाही. हे अंतर कमी करावयाचे तर विंधनछिद्रांतील तापमानाच्या अखंड नोंदी हव्यात. पृथ्वीवरील चिरगोठित भूमीचा निम्म्याहून अधिक भाग रशियात आहे, आणि २०२२ च्या युद्धानंतर तेथील व पाश्चात्त्य देशांतील संशोधकांचे सहकार्य बहुतांशी खुंटले आहे. अलास्का व कॅनडातील निरीक्षणांवरून सैबेरियाचे अनुमान करावे तर तेथील बर्फाच्या पाचरींची दाटी आणि गाळाची जाडी निराळी आहे.