स्टॉकहोमचा पहिला डिसेंबर

पुण्याहून नोकरीसाठी स्टॉकहोमला जाणारा माणूस थंडीची जय्यत तयारी करतो. छळतो मात्र अंधार. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथे दिवस जेमतेम 6 तासांचा, सूर्यास्त दुपारी 3 च्या आत. पुण्यातला सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा असतो. मेंदूतलं जैविक घड्याळ सकाळच्या उजेडावर रोज जुळतं. डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी उजेडाचा निरोप थेट त्या घड्याळाला पोचवतात आणि रात्री पाझरणारं मेलाटोनिन थांबतं. उजेडच नसेल तर घड्याळ मागे पडतं: सकाळी डोळे उघडत नाहीत, रात्री मिटत नाहीत. (इथे महागडं जाकीट काय करणार?) घरातल्या दिव्यांपेक्षा ढगाळ आकाशही बरंच प्रखर असतं. तेव्हा उजाडलं की बाहेर पडा, कुडकुडत का होईना.